भुंग्याचा पाय आणि कुंभारणीचा चिखल

डोंगराच्या पायथ्याशी आंबेदरे नावाचं गाव होतं. त्या गावात बयाजी नावाचा एक हाडवैद्य राहत असे. झाडावरून पडलेले, बैलानं उडवलेले, कुस्तीत खांदा निखळलेले लोक लांबलांबून त्याच्याकडे येत. बयाजी डोळे मिटून नुसता हात फिरवी आणि हाड कुठं सरकलंय ते ओळखी. कुठं दुखतं, असं तो कधी कुणाला विचारत नसे. विचारणं त्याला कमीपणाचं वाटे. याच्या बोटांना डोळे आहेत, असं लोक म्हणत आणि ते ऐकून बयाजी अंमळ फुगत असे. फुगायला कारण होतंच म्हणा. त्याची बोटं खरोखर गुणी होती.

या बयाजीचा भुंगा नावाचा एक काळा कुत्रा होता. बायको वारल्यापासून घरात त्याला तेवढीच सोबत. बयाजी कुणाला पाहायला निघाला की भुंगा दोन पावलं पुढे असायचाच.

एके सकाळी भुंगा माळावर गेला आणि वासरांबरोबर मनसोक्त हुंदडला. गेला तो चार पायांवर, आला तो तीन पायांवर. पुढचा उजवा पाय वर धरून तो लंगडत दारात आला आणि बयाजी दिसताच तोच पाय त्यानं पुढे केला.

बयाजीनं पाय हातात घेतला, सवयीप्रमाणे डोळे मिटले आणि बोटं थेट खांद्याला लावली. खांदा ताठ लागला. सांधाच सरकलाय, असं त्यानं ठरवून टाकलं. त्यानं एक हिसका दिला, वर आंबेहळदीचा लेप लावला आणि बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या. भुंगा कळवळला, पण चावला नाही.

दुसऱ्या दिवशीही लंगडणं तसंच. बयाजीनं पुन्हा हिसका दिला. तिसऱ्या दिवशी आणखी एक हिसका बसला आणि भुंग्याला पाय टणक जमिनीला टेकवेना. तरी तो रोज सकाळी येई आणि तोच पाय बयाजीच्या हातात देई. बयाजीला वाटे, लाडात आलाय.

बयाजीला अन्न गोड लागेना. हाडवैद्याच्याच घरचा कुत्रा लंगडा राहिला तर लोक काय म्हणतील, ही एक काळजी. भुंगा पुन्हा कधी माळावर धावलाच नाही तर काय, ही दुसरी. या दुसरीपायी तो रात्री उठून भुंग्याजवळ जाऊन बसे. शेवटी त्यानं ठरवलं, चौथ्या दिवशी संध्याकाळी दोघा गड्यांना धरायला लावून सगळा जोर लावायचा. सांधा बसला तर बसला, नाहीतर पाय कायमचा जायचा.

पण चौथ्या दिवशी दुपारीच भागाबाई कुंभारीण तणतणत त्याच्या दारात आली. मडक्यांसाठी तिनं अंगणात माती तुडवून पसरली होती आणि तीन दिवस भुंगा रोज तिथे येऊन उभा राहत होता. हाकलला तरी घटकाभरानं परत हजर. असं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली,

“वैद्यबुवा, तुमच्या कुत्र्यानं माझ्या चिखलात काय लिहून ठेवलंय, ते एकदा डोळे उघडून बघा.”

तिची समजूत घालावी म्हणून बयाजी गेला. कडुनिंबाच्या सावलीत गार चिखल पसरला होता आणि काठावर भुंगा उभा होता. उजवा पंजा तेवढा चिखलात बुडवलेला, डोळे अर्धे मिटलेले. भोवती त्याच्या पावलांचे कितीतरी ठसे होते. भागाबाईनं काठीनं दाखवलं. डाव्या पावलाच्या प्रत्येक ठशात चार बोटं होती. उजव्याच्या ठशात तीनच. चौथं बोट त्यानं चालताना कुठेच टेकवलं नव्हतं.

बयाजी पाहतच राहिला. कुठं दुखतं ते या मुक्या जिवाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यावरचा गारवाही त्यानं स्वतःच शोधून काढला होता. आणि एवढं करून तो रोज तोच पंजा आपल्या हातात आणून देत होता.

बयाजी खाली बसला. या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. पंजा पाण्यानं धुतला आणि बोटं हलकेच विलग केली. चौथ्या बोटाच्या बेचक्यात बाभळीचा काटा रुतला होता. चिखलानं कातडी मऊ पडली होती, त्यामुळे जरासं दाबताच काटा पुवासकट बाहेर आला. बयाजीनं खांद्याच्या कामट्याही सोडल्या. भुंग्यानं एक लांब श्वास सोडला आणि ज्या हातानं तीन दिवस हिसके दिले होते तोच हात चाटू लागला.

बयाजीनं दुसरा हात त्याच्या डोक्यावरून फिरवला. “एवढं छळलं रे मी तुला, तरी पाय माझ्याच हातात देत राहिलास.”

असं म्हणून एवढा नावाजलेला वैद्य कुत्र्यापुढे हात जोडून बसला. भागाबाई त्याला हसली नाही.

आठ दिवसांनी भुंगा माळावर वासरांच्या पुढे धावत होता. त्याच दिवशी एक म्हातारा शेजारच्या गावाहून पाय धरून आला. बयाजीचे हात सवयीनं पुढे झाले आणि मध्येच थांबले. त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“आधी सांगा बाबा, कुठं दुखतं?”

तात्पर्य: हात कितीही कसलेला असो, इलाज करण्याआधी ज्याला दुखतं त्याच्याकडे नीट पाहावं आणि त्याचं ऐकावं. मुका जीवसुद्धा आपलं दुखणं सांगतच असतो.