चाळीस माग

"चाळीसच्या चाळीस माग त्यालाच देऊन टाकू ना, मास्तर?"

नरसय्या मास्तर ओसरीवर बसून चष्मा पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा अंबादास येमूल. सोलापुरात त्याचा टॉवेलचा कारखाना. विणकाम तो याच मास्तरांच्या हाताखाली शिकला. मास्तर आता ऐंशीच्या पुढचे. अंबादास यायचा तो वर्षातून एकदा, आणि तेही काही चांगलं सांगायचं असलं तरच. पेढे घेऊन.

आजही पेढे आणले होते.

"त्याला म्हणजे कोणाला?"

"माझं परदेशातलं जुनं गिऱ्हाईक. नऊ वर्षं सगळा माल एकटा घ्यायचा. गेल्या वर्षी त्यांच्या सरकारचं आपल्या सरकारशी बिनसलं, आणि आपल्या मालावर एकदम दुप्पट कर बसला. त्यानं ऑर्डर थांबवली. आता दोन्ही सरकारांचं जुळलंय. कर उतरला. काल त्याचा फोन होता. सगळे माग हवेत म्हणतो, दोन वर्षांसाठी. भावही चढा देतोय."

"माणूस कसा आहे?"

"एकदम सरळ. ऑर्डर थांबवली तेव्हा फोनवर रडला हो. माझ्या हातात काही नाही म्हणाला."

"आणि आता?"

"आता काय?"

"आता त्याच्या हातात आहे?"

अंबादासनं पेढ्यांचा पुडा उगाच पुढं सरकवला.

"सध्या मागांवर काय चाललंय?" मास्तरांनी विचारलं.

"किरकोळ सगळं. कोचीचं एक हॉस्पिटल, नागपूरची दोन हॉटेलं, आफ्रिकेत मोम्बासाचा एक व्यापारी... अशी अकरा गिऱ्हाइकं. प्रत्येकाचा रंग वेगळा, माप वेगळं, कटकट वेगळी. काम थांबलं तेव्हा पिशवीत टॉवेल घालून गावोगाव हिंडलो, बाहेरदेशी नमुने पाठवले, तेव्हा मिळाली. पण असल्या तुकड्यातुकड्यांवर कारखाना मोठा होतो का, मास्तर?"

मास्तर उठले. पायात चपला सरकवल्या.

"चल. दाखव तुझा कारखाना."

कारखान्यात शिरल्यावर मास्तर कुठंही थांबले नाहीत. मागांच्या दोन रांगांमधून चालत ते थेट भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

चाळीस माग एकदम थांबले.

 टॉवेलच्या कडा शिवणारी राजव्वा हातातलं काम ठेवून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"पुन्हा का, मालक?"

अंबादासला ते दिवस आठवले. गेल्या वर्षी ऑर्डर थांबली तेव्हा बावीस दिवस कारखाना असाच होता. फिरतीवर नसला की तो सकाळी येऊन बंद मागांमधून एकटाच फिरायचा. राजव्वाही रोज यायची, काम नसताना. दाराशी बसून राहायची. घरी बसवत नाही म्हणायची. तिच्याकडे बघायला लागू नये म्हणून तो मागच्या दारानं जायचा...

"नाही अक्का," तो कसाबसा म्हणाला. "बंद नाही करायचं."

 मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ही शांतता मलाही सोसत नाही रे, अंबादास. माझे हातमाग बंद पडले तेव्हापासून."

अंबादासनं बंद मागांकडे पाहिलं, मग राजव्वाकडे.

"बारा देतो त्याला," अंबादास अखेर म्हणाला. "बाराच. बाकीचे ज्यांचे आहेत त्यांचे राहू देत."

मास्तर बाजूला झाले. अंबादासनं स्विचवर हात ठेवला आणि तिथंच थांबला.

"पण मास्तर, कर पुन्हा वाढलाच नाही तर? सगळं सुरळीतच चाललं तर? चालत आलेली ऑर्डर घालवली म्हणून अख्खी पेठ मला मूर्ख म्हणेल."

"म्हणू दे की. माग चालू असले की ऐकू कुठं येतं?"