दिगंबर शिंप्यानं अंगाचं ऐकलं

एका गावात एक भोळा शिंपी होता. लांब शोधू नका, तो मीच. नाव दिगंबर आणि धंदा कपडे शिवायचा, म्हणजे गोंधळ बारशापासूनच.

माझी बायको कुसुम माहेरी निघून गेली. "मनातलं कधी बोलत नाही तुम्ही. भिंतीशी संसार करू का?" म्हणाली. मला रडू आलं, तेही गिळलं. तिच्यावाचून घर खायला उठलं.

तालुक्याला क्षमा मॅडम होत्या. अंगाच्या वाटेनं मनावर उपचार करायच्या. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझे खांदे दाबून बघितले.

"दिगंबरराव, गिळलेलं सगळं अंगात जाऊन बसतं. खांदे आखडतात, श्वास अडतो. अंग मोकळं झालं की मनही सुटतं. छाती दाटली की मोठ्यानं आवाज काढा."

"बरं," म्हटलं.

सासरी गेलो. मेव्हणीचा साखरपुडा चालला होता. कुसुम दिसली, छाती दाटली. काढला आवाज. गुरुजी पाटावरून उठून पळाले. नवरदेव "साप, साप" करत खुर्चीवर चढला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, चारचौघांत नाही! तिथे पाय जमिनीला घट्ट टेकवायचे, सावकाश दहा श्वास घ्यायचे आणि जागचं हलायचं नाही."

"असं होय!"

पुढच्या आठवड्यात कुसुम घरी यायला तयार झाली. मी तिला आणायला गेलो. बिचारी! एसटीत चढली आणि दारातून ओरडली, "अहो, चढा! गाडी सुटली!"

माझी छाती धडधडायला लागली. स्टँडवर चारचौघं होतीच. मी पाय टेकवले. सातव्या श्वासाला गाडी गेली. मी दहा पुरे केले. कुसुम पुढच्या थांब्यावर उतरली आणि उलट्या गाडीनं परत माहेरी गेली.

"अरे देवा!" मॅडम म्हणाल्या. "अहो, अशा वेळी अंगाला जे करावंसं वाटतं ते करू द्यायचं. पाय धावायला बघतायत? धावा!"

"हे आधी सांगायचं की!"

रविवारी कुसुम आपणहून आली. उंबऱ्यात उभी राहिली. डोळे भरलेले.

"शेवटचं विचारते. मी हवी आहे का तुम्हाला?"

हवी होती हो! जिवापेक्षा जास्त हवी होती. पण छाती भरून आली आणि पाय पळायला बघू लागले. मी त्यांना अडवलं नाही. तिच्या बाजूनं निसटलो आणि नऊ किलोमीटर पळत मॅडमच्या दारात.

"मॅडम, कुसुम आली! मी हवी का, विचारतेय!"

"मग तुम्ही इथे काय करताय? काय सांगितलंत तिला?"

"अजून काही नाही. 'हो' म्हणताना आधी खांदे सैल सोडायचे की जबडा, तेवढं विचारायला आलो."