पंखातला पाना

"…मग तुम्हीच सांगा बाबा, एका टीचभर पान्यासाठी अख्खं विमान अडवून ठेवायचं?"

नूरशाबाबांनी मान वर केली नाही. कारखान्याच्या भिंतीबाहेर, कडुनिंबाखाली राहणारा हा म्हातारा फकीर मांडीवर चिंध्यांची गोधडी घेऊन टाके घालत बसला होता.

प्रश्न विचारणारे श्रीरंग धोत्रे भिंतीच्या आतले मालक. छोटी प्रवासी विमानं बांधण्याचा कारखाना त्यांनी शून्यातून उभा केला होता, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. पहिलं विमान उद्या सकाळी उडायचं होतं. तसलंच विमान दुसरी एक कंपनीही बांधत होती. ज्याचं आधी उडेल, गिऱ्हाईक त्याचं.

म्हणून आशीर्वाद हवा होता. आणि लवकर हवा होता.

"पाना गेला कुठं?" बाबांनी विचारलं.

"एका फिटरच्या पेटीतून नाहीसा झालाय. म्हणतो, डाव्या पंखात राहिला असेल. असेल! बाहेरही पडला असेल की कुठेतरी. पंख उघडायचा म्हणजे पंधरवडा गेला."

"आतच असला तर?"

धोत्र्यांनी रुमालाने मान पुसली. "वळवायच्या तारांत अडकला तर… विमान वळणार नाही."

"उद्या आत कोण बसणार?"

"आमची वैमानिक. कॅप्टन ऋजुता."

"तिला सांगितलंत?"

धोत्र्यांनी घड्याळात पाहिलं.

बाबांनी आणखी एक टाका घातला.

"आणि तो फिटर?"

"हाकलला!" धोत्र्यांना आता पुन्हा सूर सापडला. "आयत्या वेळी तोंड उघडतो म्हणजे काय? पण एक बरं झालं. बाकीच्यांना चांगला धाक बसला. सकाळपासून कुणाची एकसुद्धा चूक माझ्या कानावर आलेली नाही."

"वा," बाबा म्हणाले.

त्या 'वा'ने धोत्रे उगाच अस्वस्थ झाले.

बाबांनी गोधडी झटकली, जमिनीवर नीट अंथरली, हाताने सारखी केली.

"उभे का साहेब? बसा. आशीर्वाद उभ्याने घेत नाहीत."

धोत्रे पँट वर ओढून बसायला वाकले.

"फक्त एक सांगतो," बाबा म्हणाले. "माझी सुई आत्ताच दोऱ्यातून निसटली. गोधडीत असेल… बाहेरही पडली असेल कुठेतरी."

धोत्रे अर्ध्यातच थांबले. मग सावकाश सरळ झाले.

"बसा ना."

"अहो, आधी सुई शोधा!"

"शोधायची म्हणजे सगळे टाके उसवावे लागतील. महिन्याची मेहनत आहे."

"मग उसवा!" धोत्र्यांचा आवाज चढला. "मेहनत गेली खड्ड्यात. बसणाऱ्याच्या जिवाचं काय? बरं झालं बाबा, तुम्ही वेळेवर सांगितलंत, नाहीतर…"



भिंतीपलीकडे कुणीतरी विमानाचं इंजिन चालू करून पाहत होतं. थोड्या वेळाने तो आवाजही बंद झाला. धोत्रे गोधडीकडे बघत उभे होते. कपाळावर घाम होता, आणि या वेळी त्यांनी तो पुसला नाही.

बाबांनी गोधडीचं एक टोक ओढून मांडीवर घेतलं आणि पहिला टाका उसवला.

"'बरं झालं, वेळेवर सांगितलंत' हे मला काय सांगता, साहेब?" ते म्हणाले. "त्या फिटरचं घर ठाऊक आहे ना?"