जंतूला आत घेणारी

फार वर्षांपूर्वी, इतक्या की कुणाचं नावही आता आठवत नाही, एका देहाचं राज्य होतं. ते चालवायला तीन म्हातारे होते: मेंदू, काळीज आणि यकृत. तिघेही आत, उबेत, हाडांच्या आड बसलेले. दार कसं असतं ते एकानेही पाहिलं नव्हतं.

खाली आतड्याच्या ओल्या भिंतीत एक दार होतं आणि दारावर एक बाई बसायची. तिचं काम विचित्र होतं. अन्नपाण्यासोबत आलेल्या जंतूंपैकी एकदोघांना ती रोज मुद्दाम आत ओढायची आणि दारामागच्या चौकीत उभं करायची. चौकीतले शिपाई त्यांना पुढून-मागून न्याहाळायचे, मग त्यांच्याच मापाचे फास वळायचे. ते फास भिंतीवरच्या चिकट ओलाव्यात सोडले जायचे, थेट नाकाघशापर्यंत. पुन्हा तसला जंतू आला की भिंतीला हात लावण्याआधीच गुंतायचा.

यकृताच्या कानावर गेलं की बाई शत्रूला घरात घेते. तिला वर बोलावलं.

मेंदू म्हणाला, "आमचं आयुष्य गेलं इथे. आमच्यापर्यंत एक जंतू फिरकला नाही. आणि तू त्यांना हाताला धरून आणतेस?"

"आजोबा, ते फिरकले नाहीत ते कुणामुळे?"

काळजाने तोंड फिरवलं. उलट बोलते म्हणून यकृताने तिला झापलं, वयाचा मान राखायला सांगितलं. वय झालं की शहाणपण येतं, हे वय झालेल्यांनीच ठरवलेलं आहे.

दार लिंपून टाकायचा हुकूम सुटला. बाई आत कोंडली गेली. जुने फास वाहून गेले. नवे वळायचे तर माप घ्यायला शिपायांसमोर एकही जंतू येईना. म्हातारे मात्र खूश होते, कशी शांतता आहे बघा म्हणत.

मग गढूळ पाण्यातून एक नवा जंतू आला. त्याला दार नकोच होतं. तो भिंतीलाच चिकटला, भिंत गळू लागली, देहातलं पाणी वाहून चाललं. फास टाका, असा मेंदूचा हुकूम आला. कोणाच्या मापाचे, शिपायांनी विचारलं. वर कुणालाच सांगता येईना.

लिंपलेल्या दारामागून बाई म्हणाली, "दार फोडा. एकाला आत घेते. अजून वेळ आहे."

मेंदूने विचार केला. दार फोडलं तर आपण चुकलो होतो असं होईल. त्याने ते फोडू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी काळीज थांबलं. मेंदू तिघांत शेवटी विझला, तोही बाईलाच दोष देत. बाईही गेली, तिला राहायला दुसरं घर नव्हतं.

बोध एवढाच: आपलं चुकलं असं म्हणण्यापेक्षा ज्यांना घर बुडालेलं परवडतं, त्यांच्या हाती घर देऊ नये.