वरांड्याचा स्लॅब

एका गावात रखमाजी नावाचा गवंडी होता. हात चांगला, पण तोंड हातापेक्षा मोठं. "माझ्या भिंतीला हत्ती धडकला तर हत्तीच माफी मागंल," असं तो चावडीवर सांगायचा.

गावच्या हायस्कूलला नव्या खोल्या मंजूर झाल्या. काम अर्थातच रखमाजीकडे. खोल्या झाल्या, शेवटी वरांड्यावर स्लॅब टाकला. स्लॅबवर मातीची आळी करून पंधरा दिवस पाणी भरून ठेवायचं, तेव्हा तो पक्का होतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तेवढ्यात रखमाजीच्या साडूकडे लग्न निघालं. दोन दिवसांसाठी गेलेला गडी जेवणावळीत पाच दिवस रमला. परत येऊन पाहतो तर आळी कोरडी ठणठणीत आणि कोपऱ्यात केसाएवढी भेग.

रखमाजीने भेगेत सिमेंट भरलं, वर चुना मारला. कोणालाच कळलं नाही. खोल्या रंगल्या, नवे बाक आले, उद्घाटन ठरलं.

आदल्या दिवशी मुख्याध्यापिका वैजयंताबाई आनंदाने म्हणाल्या, "रखमाजी, उद्या साठ मुली याच वरांड्यात उभ्या राहून स्वागतगीत म्हणणार!"

रखमाजीने वर त्या कोपऱ्याकडे पाहिलं. घरी जाऊन जेवायला बसला, पण घास उतरेना. ताटावरून उठून तो तसाच शाळेत परतला.

"बाई, तिथं पोरी उभ्या करू नका. मी लग्नात बसलो आन् स्लॅब पाण्यावाचून ऱ्हायला. भेग मीच लपवली."

तयारीसाठी गावकऱ्यांसह जमलेले सरपंच कडाडले, "पत्रिका वाटून झाल्या, आता सांगतोस?"

"हत्ती कुठं गेला रं?" कोणीतरी ओरडलं. लोक हसले. रखमाजी मान खाली घालून उभा राहिला.

वरांडा रिकामा केला. खात्री करायला शेजारच्या पक्क्या छतावरून वाळूची पोती त्या कोपऱ्यावर सरकवली. अकराव्या पोत्याला कोपरा धाडकन खाली आला. खाली नुसती फरशी होती.

मग सरपंचांनीच रखमाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं बोललास, बाबा."

उद्घाटन चिंचेखाली झालं. मुली मोकळ्या आवाजात गायल्या आणि त्या दुपारी रखमाजी पोटभर जेवला.

नवा स्लॅब टाकला, तेव्हा साडूच्या धाकट्याचं लग्न निघालं. रखमाजीने आहेर पाठवून दिला. स्वतः मात्र पंधरा दिवस पाण्याची बादली घेऊन छतावर चढत राहिला.

तात्पर्य: भेग चुन्याने झाकली जाते, बुजत नाही. चूक वेळेवर कबूल केली तर मान खाली जाते खरी, पण कोणाच्या डोक्यावर छप्पर कोसळत नाही.