अंजनाच्या खोडावरचा ठेका

झाडंपाखरं एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. एका रानात काजळी नावाची म्हातारी सुतारपक्षीण पिल्लांना वाळक्या खोडावर चोचीने ठेका धरायला शिकवायची. तुरेबा हा तिचा सगळ्यांत गुणी शिष्य. काजळीला ते ठाऊक होतं. पण कौतुक केलं की शिष्य बिघडतो, असं तिचं ठाम मत. तुरेबाने कितीही जीव ओतून वाजवलं, तरी ती मान हलवून म्हणे, "कच्चं आहे अजून."

तुरेबाला वाटलं, आपला रियाजच कमी पडतोय. सावरीचं मऊ खोड सोडून तो लोखंडासारख्या टणक अंजनावर वाजवू लागला. तहानभूक विसरून वाजवत राहिला. एका सकाळी कडकन आवाज झाला आणि ठेका मध्येच तुटला.

काजळी उडत गेली, तर तुरेबाची चोच उभी चिरलेली. आता त्याला वाजवणं तर सोडाच, खोडातले किडे टिपून खाणंही जमणार नव्हतं.

"मावशी," तो कसाबसा बोलला, "आज तरी जमलं होतं का गं?"

काजळी म्हणाली, "अरे, उन्हाळा लागला तेव्हाच जमलं होतं तुला. माझ्याहूनही गोड वाजवत होतास."

"मग सांगितलं का नाहीस?"

त्या दिवसापासून काजळी अळ्या आणून त्याला भरवू लागली. दर घासाला त्याच्या ठेक्याची तारीफ करी. तो घास गिळे आणि तोंड फिरवून अंजनाकडे बघत बसे.