पाळण्यावरचं लाल कमळ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राज्य कोणाचं होतं ते मला ठाऊक नाही, आणि गोष्टीला त्याची गरजही नाही. नदीकाठी एक गाव होतं, एवढं पुरे.

त्या गावाला उघड्या लाकडाची लाज वाटे. पाट असो, चौरंग असो, नाहीतर धान्याची पेटी, तिच्यावर रंग चढलाच पाहिजे. बायका गेरू, हळद, नीळ डिंकाच्या पाण्यात खलायच्या आणि वेलबुट्टी काढायच्या. उरल्या चिंध्यांच्या गोधड्या शिवायच्या, झालरी करायच्या. हात मोठे गुणी होते त्यांचे, खोटं कशाला बोलू?

गावाचा पाळणा एकच होता. ज्या घरी बाळ जन्मेल, त्या घरी तो जायचा. दर वेळी त्यावर नवा रंग चढे आणि झालरीला त्या घरच्या लुगड्याचं एक ठिगळ लागे. जुना रंग मात्र कोणी खरवडायचा नाही. खरवडला तर आधीच्या लेकरांचं भाग्य सांडतं, असं म्हणत. त्यामुळे आतलं लाकूड कसं आहे, हे पाहिलेलं माणूसच गावात उरलं नव्हतं.

पाळणा रंगवायचं काम एका विधवा रंगारणीकडे आलं होतं. तिला एकुलती एक लेक. ती लांबच्या गावी दिलेली. रंगारणीच्या कामात डाग म्हणून सापडायचा नाही, आणि याचा तिला गर्व होता.

एकदा पाटलाच्या घरी नवसाचा नातू झाला. बारसं तीन दिवसांवर आलं, तेव्हा पाळणा तिच्या अंगणात आला. ती तो पुसायला बसली. डोक्याकडच्या दांडीत जिथे कडी अडकवलेली होती, तिथे रंगाचा पोपडा निघाला आणि तिचं बोट आत गेलं. बोटाबरोबर पिठासारखा भुसा बाहेर आला.

अंगणातल्या झाडावरून सुतारपक्षी उतरला. त्याने दांडीवर दोनदा चोच मारली.

"बाई, हे पोकळ वाजतंय. किडीने खाल्लंय."

"तुला रे रंगातलं काय कळतं?" ती म्हणाली.

"रंगातलं नाही कळत. लाकडातलं कळतं."

तिने त्याला हाकललं. पण हात थांबला होता. सांगायचं कसं? पाटलाकडे पाहुणे जमलेले. ऐन बारशाला अपशकून केला म्हणून तिच्याच नावाने बोटं मोडतील. म्हणतील, आजवर कोणाला दिसलं नाही, ते हिलाच बरं दिसलं!

"बारसं उरकू दे. मग सांगते," ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिने भुसा डिंकात मळला, भोकात गच्च भरला आणि वर एक लाल कमळ काढलं. कडीभोवती दुहेरी झालर शिवली. पाटलीण तर बघतच राहिली. "हात आहे की जादू गं तुझी!" म्हणाली, आणि खण-नारळाने तिची ओटी भरायला निघाली, मग ती विधवा असल्याचं आठवून नुसताच नारळ हातात दिला.

बारसं झालं. पाळण्याला काही झालं नाही. पाटलाचा नातू रांगायला लागला, आणि आता सांगावं तर लोक विचारणार, इतके महिने गप्प का बसलीस? ती गप्पच बसली. पाळणा दुसऱ्या घरी गेला, मग तिसऱ्या. दर वेळी भोक थोडं मोठं झालेलं असे, आणि दर वेळी ती डिंक थोडा जास्त मळे. कमळही थोडं मोठं होई. भीतीची सवय झाली की माणूस तिला नशीब समजतो, तसं तिचं झालं.

पुढच्या वर्षी तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, काळ्याभोर जावळाची. रंगारणीने तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

बाराव्या दिवशी बायका पाळणा घेऊन दारात आल्या.

"माझ्याकडे नको," रंगारीण घाईघाईने म्हणाली. "मी झोळी बांधीन लुगड्याची."

"का गं?" एक बाई म्हणाली. "आमच्या लेकरांना चालला, नि तुझ्या नातीला टोचतो होय?"

पाटलीण पुढे आली. तिने रंगारणीकडे रोखून पाहिलं. "त्यात काही खोट आहे का? असेल तर सांग."

आता एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दामागोमाग तीन घरं विचारणार होती, आमची पोरं तू कशात झोपवलीस म्हणून. तिच्या तोंडून निघालं, "नाही, नाही. काही नाही."

पाळणा टांगला गेला.

तेव्हापासून रंगारीण पाळण्याखालून हलेना. तिने घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या जमिनीवर एकावर एक रचल्या.

"आई, ही रास कशाला?" लेकीने विचारलं.

"जमिनीला ओल आहे गं. बाळाला बाधेल."

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी दुपारी ती नदीवरून पाणी घेऊन परतली, तर कुंपणावर तिच्या सगळ्या गोधड्या पसरलेल्या.

"ह्या का काढल्यास?" तिचा आवाज चिरकला.

लेक अंगणात उभी होती. "ओल आहे म्हणालीस ना? ऊन चांगलं पडलंय, म्हणून वाळत घातल्या. बाळ निजलंय आत."

रंगारणीने घागर टाकली आणि धावली. ती उंबऱ्यावर पोचली तेव्हा कडी उपसून आली आणि पाळणा उघड्या जमिनीवर आदळला. पोर रडलीसुद्धा नाही.

गाव गोळा झालं. पाटलाने सुताराला रंग खरवडायला सांगितला. तेव्हा भाग्याची आठवण कोणाला झाली नाही. लाल कमळाखाली डिंक निघाला. त्याखाली हिरव्या रंगात मेण. त्याच्या खाली पिवळ्यात लाख. आणि सगळ्यांत तळाशी, भोकात दाबून बसवलेला बोळा, जुन्या जरीकाठाचा. तो काठ पाटलिणीच्या लग्नातल्या शालूचा होता. अख्ख्या गावात तसा दुसरा नव्हता.

तिच्या लेकाच्या वेळी तो तिनेच कोंबला होता. म्हाताऱ्या बायका एकेक करून मान खाली घालू लागल्या.

"मला ठाऊक होतं," रंगारीण म्हणाली. इतक्या दिवसांनी, आणि आता त्या शब्दाचा कोणाला उपयोग नव्हता.

वाळलेल्या गोधड्यांतली एक लेकीने उचलली, तीत बाळाला गुंडाळलं आणि नदीकाठी नेऊन मूठमाती दिली. तिथूनच ती सासरी निघून गेली. ती पुन्हा माहेरी आली नाही.

रंगारणीने कुंचला परत हातात धरला नाही. उरलेलं आयुष्य ती गावातल्या बाळांसाठी लुगड्यांच्या झोळ्या शिवत राहिली. प्रत्येक झोळी ती आधी स्वतःच्या वजनाने ताणून बघे. आणि त्या गावात आजही नव्या पाळण्याची कडीकडची वीतभर जागा उघडी ठेवतात, रंगाचा ठिपकाही लावत नाहीत.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: खोट दिसली त्याच दिवशी सांगावी, झाकलेली खोट वाढत जाते आणि तिची किंमत निष्पाप जीव मोजतो.